सहल सगळ्यांची, त्यात आपली किती?

मुलांच्या परीक्षा आणि मोठ्यांचे सुट्टीचे बेत आमच्याकडे एकाच वेळी सुरू होतात. तुमच्याकडेही तसंच असेल. या आठवड्यात एका मैत्रिणीचं चांगलं चार पानी पत्र आलं आहे. मे महिन्यात त्यांचं घर पहिल्यांदाच परदेशी जायचं म्हणतंय. मुलगा सिंगापूर म्हणतो. मुलीला बाली हवं. 'ह्यां'च्या ऑफिसातले सगळे बँकॉकला जाऊन आले म्हणून ह्यांचं बँकॉक. आणि सासूबाई म्हणतात, नेपाळला नेलंत तर पशुपतिनाथाचं दर्शन तरी घडेल. "तुम्हीच सांगा, कुठे जावं?"

पत्र मी दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, की चार पानांत घरातल्या प्रत्येकाची आवड आहे, कोणाला बस लागते आणि कोणाला चहाशिवाय चालत नाही तेही आहे, पण लिहिणारीला स्वतःला कुठे जायचंय, ते एका ओळीतही नाही!

हसू नका हं. माझंही असंच झालं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही थायलंडला गेलो. चामोर्शीहून नागपूर म्हणजे दोनशे किलोमीटरचा रस्ता, तिथून मुंबई, तिथून बँकॉक. घरातून निघून हॉटेलच्या खोलीत पोचेपर्यंत दीड दिवस गेला. माझ्या बॅगेत दोन किलो चिवडा, जवसाची चटणी, पोहे, साखर, चहा पावडर आणि विजेची किटली. पाचही दिवस मी पाचला उठून चहा केला, पोहे भिजवले, कपडे पिळून खुर्चीच्या पाठीवर वाळत घातले. स्वयंपाकघर तेच, फक्त ओटा नव्हता, एवढंच!

तिसऱ्या दिवशी वाट फो या देवळात नेलं. तिथे पहुडलेल्या बुद्धाची सोन्याने मढवलेली प्रचंड मूर्ती आहे. पण नेमकं दारात धाकट्याला मळमळायला लागलं. हे म्हणाले, "तू याला घेऊन बस, आम्ही पटकन बघून येतो." मी सावलीत बसले. एका मांडीवर पोरगं, शेजारी सगळ्यांच्या पिशव्या. ते बाहेर आले आणि तेवढ्यात गाइडने झेंडा उंच केला. बस सुटायची वेळ झाली होती. 'आता तू जाऊन ये' असं कोणीच म्हणालं नाही. खरं सांगायचं, तर मीही म्हणाले नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली. मी अर्धवेळ शिकवते, सहावी-सातवीला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तो झोपलेला बुद्ध केवढा आहे?" मी म्हणाले, "सेहेचाळीस मीटर लांब, पंधरा मीटर उंच. तळपायांवर शिंपल्याच्या जडावाची एकशे आठ शुभचिन्हं आहेत." मुलगी खूश झाली. पण हे सगळं मी माहितीपत्रकातून पाठ केलं होतं. देवळाच्या दारापर्यंत जाऊन आलेली बाई मुलींना पुस्तकातलं सांगत होती! तो सल मनात राहिला.

त्याच जूनमध्ये मी पोस्टात आवर्ती ठेवीचं खातं उघडलं. शाळेच्या मानधनातले महिन्याला दोन हजार, पाच वर्षं. कोणाला काही बोलले नाही. २०२४ साली ठेव मुदत भरून व्याजासकट हातात आली, तेव्हा मी जेवताना म्हणाले, "यंदा दिवाळीच्या सुट्टीत कंबोडियाला जाऊ या. निम्मा खर्च माझा. आणि त्या सहलीत मला एक अख्खा दिवस माझा हवा."

हे बघतच राहिले. "तुझा म्हणजे? आम्ही काय करायचं त्या दिवशी?"

मला वाटलं, आता सासूबाईंकडून काही ऐकावं लागणार. तर त्या ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे ना तिले. मी चाळीस वर्सं मार्कंड्याच्या जत्रेले गेली. पन देऊळ कधी धड पाह्यलं नाही. चुलीपाशीच बसून राह्यली."

मार्कंडा आमच्या गावाजवळच आहे, वैनगंगेच्या काठी. एरवी दक्षिणेकडे धावणारी नदी तिथे उत्तरेला वळते, म्हणून त्या जागेचं माहात्म्य. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. 'विदर्भाचं खजुराहो' म्हणून लोक लांबून मूर्ती बघायला येतात. आणि इथे जन्म काढलेली बाई दर जत्रेत वाळूत चूल मांडून भात रांधत आणि गाठोडी राखत बसली होती!

मग आम्ही आधी काय केलं असेल? एका रविवारी सकाळी सासूबाईंना मार्कंड्याला नेलं. डबा नेला नाही, मुद्दामच. दोन तास त्या एकेका देवळाच्या भिंतीपुढे उभ्या होत्या. मूर्तीच्या अंगावरचे दागिने बोटाने दाखवून "हे पाय, हे पाय" करत होत्या. येताना रस्त्यावर आम्ही चहा-भजी खाल्ली. त्या म्हणाल्या, "आता तुम्ही जा कुटं जाचं ते."

तर मैत्रिणींनो, आधी हे ठरवा, की तुम्हाला काय बघायला आवडतं. मग देश निवडणं सोपं जातं. आशिया काही लहान नाही, आणि सगळं एका सुट्टीत होत नाही. मला जे उमगलं ते सांगते.

देवदर्शन आणि डोंगर हवे असतील तर

नेपाळ सगळ्यात सोपं. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येतं. काठमांडूला पशुपतिनाथ, पोखऱ्याला फेवा तलाव आणि समोर अन्नपूर्णेची हिमशिखरं. लुंबिनीला बुद्धाचं जन्मस्थान आणि सम्राट अशोकाचा स्तंभ. आपल्या विदर्भातून बोधगया, कुशीनगर, लुंबिनी अशा बसयात्राही निघतात. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस चांगले. जवळ शंभराच्या नोटा भरपूर ठेवा.

श्रीलंकेत अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघावा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाची लेक संघमित्रा बोधगयेच्या वृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली, तिचंच हे झाड म्हणतात. परदेशी गेलेल्या आपल्या बायकांत तिचं नाव पहिल्या ओळीत घ्यायला हवं, नाही का? सिगिरियाचा पाचव्या शतकातला खडकावरचा किल्ला सुरेख आहे, पण पायऱ्या हजाराच्या वर आहेत, तेव्हा गुडघे विचारून मगच जा. कँडीला बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर आहे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच गावी जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. मे महिन्यात मात्र तिथल्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पाऊस सुरू होतो.

बाजार, झगमगाट आणि मुलांची मजा हवी असेल तर

सिंगापूर आटोपशीर आणि स्वच्छ. समुद्राकाठची अजस्र काचघरांची बाग आणि १९९४ पासून चालू असलेली रात्रीची प्राणिसफारी मुलांना फार आवडते. व्हिसा आधी काढावा लागतो. मलेशियात क्वालालंपूरजवळ बाटू गुहा आहेत. दोनशे बहात्तर रंगीत पायऱ्या आणि पायथ्याशी कार्तिकस्वामींची सोनेरी मूर्ती, बेचाळीस मीटरहून उंच! दुबई झगमगाटाची, पण मे महिन्यात नको, आपला चंद्रपूरचा उन्हाळा पुरे आहे.

थायलंडला लोक समुद्रकिनारा आणि बाजार यांसाठी जातात. पण बँकॉकच्या राजवाड्यातल्या देवळाच्या भिंतींवर रामायण रंगवलं आहे, ते चुकवू नका. त्यांच्या रामायणाचं नाव 'रामकियेन'. जुनी राजधानी अयुथ्या, म्हणजे आपली अयोध्याच. १७६७ साली ब्रह्मी फौजांनी ती उद्ध्वस्त केली. आता विटांचे स्तूप उरले आहेत. तिकडचे चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

भाताचा मुलूख बघायचा असेल तर

आता माझ्या मनातलं सांगते. आम्ही धानवाले. पऱ्हे, बांधी, रोवणी हे शब्द आमच्या पोरांना पाटीवरच्या अक्षरांआधी कळतात. म्हणून मला बाली आणि कंबोडिया यांची ओढ.

बालीत डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या भातशेतीत पाणी खेळवतात. ते पाणी वाटून घ्यायला शेतकऱ्यांच्या मंडळ्या आहेत, त्यांना 'सुबक' म्हणतात. मंडळीचं देऊळही असतं, आणि कोणाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते तिथे ठरतं. ही पद्धत हजार वर्षांहून जुनी आहे. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. आमच्याकडे मामा तलावाच्या पाण्यावरून गावात काय काय होतं ते मी बघितलंय, म्हणून मला या सुबकचं भारी कौतुक! बालीत बहुसंख्य लोक हिंदू आहेत. सकाळी बायका नारळाच्या पानाच्या छोट्या परडीत फुलं घालून दारापुढे, दुकानापुढे ठेवतात. चालताना पाय पडू देऊ नका. त्यांचा शक वर्षाचा पहिला दिवस गुढीपाडव्याच्या आसपास येतो. त्या दिवशी सगळं बेट मौन पाळतं, विमानतळसुद्धा बंद! तिकिटं काढताना ती तारीख बघा. एप्रिल ते ऑक्टोबर तिथे कोरडी हवा असते, म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी बालीला बरोबर जुळते.

कंबोडियातलं अंकोर वाट बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने बांधलं. विष्णूचं देऊळ, पण तोंड पश्चिमेला. पुढे तिथे बुद्धाची उपासना सुरू झाली. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन कोरलंय, एकोणपन्नास मीटर लांब! एकीकडे दैत्य, एकीकडे देव, मधे वासुकी. पश्चिमेला कुरुक्षेत्र आणि लंकेचं युद्ध. भिंतींवर सतराशेच्या वर देवता आहेत आणि त्यांच्या केशरचना किती तऱ्हेच्या! माझी लेक वहीत वेण्याच काढत बसली होती. जवळच अकराव्या शतकातला पश्चिम तलाव आहे. आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद, माणसांनी बांध घालून केलेला. अलीकडे-पलीकडे नोव्हेंबरातलं पिवळं धान. ह्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून लोंबी हातात घेतली आणि म्हणाले, "आपल्याकडेही कापणी आली असेल."

आणि माझा दिवस

तिसरा दिवस माझा होता. बान्तेय स्रेई नावाचं छोटं देऊळ मुख्य देवळांपासून बरंच लांब आहे. नावाचा अर्थ 'स्त्रियांचा गड'. ९६७ साली त्याची प्रतिष्ठा झाली. राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या विद्वानाने ते उभारलं. पुढच्या राजाचा तो गुरू होता. मी म्हटलं, मास्तराने बांधलेलं देऊळ बघायला मास्तरीण गेलीच पाहिजे!

हॉटेलवाल्यांनी ओळखीचा टुकटुकवाला दिला. ह्यांनी गाडीच्या नंबरचा फोटो काढून घेतला, दर तासाला फोन करायचा असं बजावलं. मला भीती वाटली का? वाटली की! आयुष्यात पहिल्यांदा परक्या देशात, परक्या रस्त्यावर एकटी. हातात फक्त एक पर्स. किती हलकं वाटत होतं ते कसं सांगू! सवयीने दोनदा मागे वळून बघितलं, कोण राहिलं म्हणून.

देऊळ गुलाबी दगडाचं. कोरीवकाम इतकं नाजूक, की लाकडावर केलंय असं वाटावं. रावण कैलास हलवतोय, पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, खालचे प्राणी पळताहेत. मी त्या एका शिल्पापुढे अर्धा तास उभी होते. कोणी 'चल' म्हणालं नाही. कोणाला पाणी हवं नव्हतं. मला मार्कंड्याच्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या सासूबाई आठवल्या, आणि एकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी परतले, तर काय बिघडलं होतं? काहीच नाही! पोरांनी दोन वेळा बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या होत्या. ह्यांनी मोजे धुतले होते, साबण न लावता. धाकट्याने विचारलं, "आई, काय बघितलंस?" रात्री झोपेपर्यंत मी सांगत होते.

आता तयारीचं बोलू

पासपोर्ट सगळ्यात आधी. आपल्याकडे बायकांची नावं म्हणजे गोंधळ. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. पासपोर्टवर जे असेल तेच अक्षर न् अक्षर तिकिटावर हवं. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाच, हे विसरायला होतं.

व्हिसाचे नियम सारखे बदलतात. शेजारणीचं ऐकू नका. त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः बघा किंवा मुलांना बघायला लावा. २०२५ साली थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर लढाई होऊन जमिनीवरचे नाके बंद झाले होते. म्हणून हे दोन देश जोडून करायचे असतील, तर रस्त्याने जायचा बेत नको आणि बुकिंगआधी तिथली परिस्थिती नक्की पाहा.

पैशांचं म्हणाल तर लेकीच्या शिक्षणाची ठेव मोडून किंवा कर्ज काढून सहल करू नये, हे माझं स्पष्ट मत. दोन-तीन वर्षं थांबावं. पण त्या खर्चात थोडा का होईना आपला वाटा असावा. शिकवणी, शिवण, बचत गट, कशातलाही. आपला पैसा असला, की आपलं म्हणणं मांडताना आवाज चाचरत नाही. प्रवासविमा मात्र जरूर काढा.

देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आपला सलवार-कुर्ता उत्तम. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. खोबरेल तेल आणि लोणचं सामानाच्या मोठ्या बॅगेत, नाहीतर तपासणीत टाकून द्यावं लागेल. शाकाहारी असाल तर सांगून ठेवते, तिकडे भाजीतही माशांचा रस्सा घालतात. थायलंडमध्ये पिवळ्यावर लाल अक्षरात 'जे' असं त्यांच्या लिपीत लिहिलेलं दुकान शोधा, तिथे निव्वळ शाकाहारी मिळतं. भात सगळीकडे मिळतो. सुकी चटणी आणि थोडे लाडू न्या, बस्स. किटली घरीच राहू द्या!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघण्याआधी कामं वाटून घ्या. औषधं एकाकडे, कपडे एकाकडे, कागदपत्रं एकाकडे. पिशव्या राखायची पाळी प्रत्येकावर यायला हवी. एक बघून आला, की त्याने दुसऱ्याच्या जागी बसायचं. हा नियम सहलीच्या पहिल्याच दिवशी लागू करा, तिसऱ्या दिवशी कोणी ऐकत नाही.

परदेश जमण्यासारखा नसेल, तरी वाईट वाटून घेऊ नका. हाच नियम ताडोब्याला लागू आहे, कमलापूरच्या हत्तींना लागू आहे, सोमनूरला गोदावरी-इंद्रावतीचा संगम बघतानाही लागू आहे. एखाद्या सहलीत चूल मांडू नका, एवढंच.

पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. सासूबाई बरोबर असतील तर मे महिन्यात नेपाळ सोपं पडेल, त्या नसतील तर बाली. पण हे उत्तर अर्धंच आहे. बाकीचं तुमच्याकडून यायचंय. एक पोस्टकार्ड घ्या. त्यावर मुलांचं, ह्यांचं, सासूबाईंचं काहीही लिहू नका. मला काय बघायचंय, एवढंच चार ओळींत लिहा आणि पाठवा. घरात मोठ्याने वाचून दाखवलंत, तर फारच छान.

वाट बघते.